अंगणातली वॅगन आणि माझ्या कुरडया

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ही डायरी अंकितने त्याच्या बाबांचं बीपी लिहायला पाठवली. सकाळचं लिहिलं, संध्याकाळचं लिहिलं. उरलेलं पान कोरंच आहे, आणि आज जे झालं ते कुठेतरी ओकल्याशिवाय मला अन्न गोड लागायचं नाही.

यांचं बीपी ठीक. माझं कोणी मोजलं नाही. मोजलं असतं तर पट्टा फाटला असता.

दुपारी दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत एक गाडी. गाडी म्हणायची म्हणून म्हणते. ॲम्बेसेडर, पण लांबडी, मागे डिक्कीच्या जागी काचा लावलेली खोलीच. स्टेशन वॅगन. टायर बसलेले, पत्र्याला भोकं, आणि आतून एक मांजर माझ्याकडे असं पाहत होतं की मीच त्याच्या घरी आले आहे. गुलाबभाऊ उतरले. आमचे हे एसटीच्या वर्धा डेपोत मेकॅनिक होते तेव्हाचे यांचे जोडीदार, पत्र्याचं काम करायचे.

"वहिनी, अंगण खाली करा."

मी म्हटलं, "भाऊ, भंगारवाला पलीकडच्या गल्लीत राह्यते."

तेवढ्यात हे खाटेवरून उठले. महिन्याभरापूर्वी लकवा मारला तेव्हापासून डावा हात लोंबतो, डावा पाय ओढावा लागतो, जीभ जड. तरी भिंत धरत धरत दारापर्यंत आले, गाडीकडे बोट केलं आणि मला म्हणाले, "ओ... ओळखलं?"

ओळखलं. न ओळखायला काय झालं! पण मी "नाई" म्हटलं आणि आत जाऊन भांडी आपटली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गाडी मोतीलाल शेठची. वर्ध्याला त्यांची कापसाची जिनिंग होती. एसटीत लागायच्या आधी हे तिथेच गाड्या बघायचे. जिनिंग बंद पडली, शेठ गेले, गाडी लिंबाखाली उभी राहून राहून मांजरांची झाली. आता शेठच्या मुलाने आवार साफ करायला काढलं, गुलाबभाऊंनी यांना सहज सांगितलं, आणि यांनी, ज्यांना "पाणी" म्हणायला घाम फुटतो त्यांनी, "आण" म्हटलं.

आणि ती ठेवली कुठे? माझ्या अंगणात. जिथे उन्हाळ्यात माझ्या कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या वाळतात तिथे. तुळशीला फक्त टीचभर जागा सोडली. मी म्हटलं, "तुळशीलेच आत बसवा नं, ड्रायव्हर म्हणून." हे हसले. अर्धंच हसू येतं अजून, पण हसले. म्हणून मी पुढचं बोलणं गिळलं.

अंकितला फोन केला. तो पुण्याहून म्हणतो, "करू दे गं आई, वेळ जातो त्यांचा. मे महिन्यात तर तुम्ही इकडे येणारच आहात."

ते आहेच. ठरलंय. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. त्या पहाटे हे न्हाणीत पडले, तेव्हा मी अख्ख्या पवनार गावात फोन लावले. ज्याच्याकडे गाडी होती तो लग्नाला गेलेला. शेवटी रस्त्यावर जाऊन दुधाची गाडी हात करून थांबवली. कॅनांच्या मधे यांचं डोकं मांडीवर घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. माझ्या स्कूटीवर लकव्याचं माणूस कसं बसवणार? डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

अंकित तेव्हापासून एकच बोलतो. "घरात गाडी चालवणारं कुणी नाही. बाबांना आता डॉक्टर स्टिअरिंगला हात लावू देणार नाहीत. पुन्हा असं झालं तर? घर विकू, तुम्ही दोघं माझ्याजवळ राहा." लेकरू भ्यालेलं आहे. मी "हो" म्हटलं. यांना बोलताच येत नव्हतं, म्हणून त्यांचंही हो धरलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

फिजिओवाल्या मुलीने दिलेला रबरी चेंडू यांनी मांजराला दिला. डाव्या हाताने नट-बोल्ट फिरवत बसतात. एक नट बसवायला अर्धी सकाळ. पडला की शिवी. शिव्या अगदी स्पष्ट येतात हो. शेजारच्या देवकाबाई म्हणाल्या, "सरिता, बोलणं वापस येऊन राह्यलं वाटते." म्हटलं, "हो, खालून सुरुवात केली."

आज मात्र पहिलं अख्खं वाक्य बोलले. मी चहा दिला, तर म्हणाले, "साखर कमी हाय." तीस-पस्तीस वर्षं ऐकतेय हे वाक्य, आज डोळ्यांत पाणी आलं. साखर घातली नाही, डॉक्टरांनी नाही सांगितली आहे.

ओळखल्याचं आज कबूल केलं मी. आमच्या लग्नातली हीच गाडी. शेठने दिली होती. माझं माहेर गिरड. वऱ्हाड निघालं तेव्हा पुढच्या लांब सीटवर हे, यांचे मामा आणि ड्रायव्हर. मधल्या सीटवर आत्या, काका, आणखी कोण कोण. नवरीला जागाच नाही! मग कोणीतरी म्हणालं, नवरी मागं बसते, भांड्यांसोबत. गिरडहून पवनारपर्यंत मी शालू नेसून आंदणाच्या भांड्यांत बसून आले. मांडीवर हंडा, आणि प्रत्येक खड्ड्याला पाण्याचा पितळी गुंड डोक्याला लागे. यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. नंतर म्हणे लाज वाटत होती.

मी म्हटलं, "त्या गुंडाचं टेंगूळ अजून हाय माह्या डोक्यात."

म्हणाले, "मा... माहीत हाय."

रविवार, २३ फेब्रुवारी

मला आता मजूर म्हणून लावलं आहे. ब्रेकच्या नळ्यांत हवा शिरते म्हणे, ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खाली झोपून नळी सोडायची. गुलाबभाऊ खाली झोपले. हे मला म्हणाले, "या बाई, बसा."

शाळेत नोकरीला असताना गावची पोरं मला बाई म्हणायची, तेव्हापासून हेही चिडवायला बाई म्हणतात.

"मी? तुमीच बसा नं."

"माह्या पायात जोर नाई."

पदर खोचला. बसले. पाय पोचेना. यांनी सीट पुढे घेतली, तरी पोचेना, तर पाठीमागे उशी बांधली, खाली पाट ठेवला. एका ब्रेकसाठी इतका थाट. "दाब. धर. सोड. हळू सोड, बाई, हळू." मी म्हटलं, पायाखाली मुंगी आहे असं समजून सोडू का? तर म्हणाले, "हां, तसंच." मग क्लचही दाबायला लावला. तोही तपासायचा होता म्हणे.

आरसाही माझ्याच डोळ्यांसमोर आणून घट्ट केला. म्हटलं, हा काऊन? म्हणाले, "स्क्रू ढिला होता." काही का असेना, मागची काच दिसते. मी बसले होते ती जागाही दिसते.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी सडा टाकून आले तर ओट्यावर माझ्या रांगोळीने काहीतरी काढलेलं. आडवा पाडलेला शिडीचा तुकडा. मी पुसणार तर ओरडले, "नको! गिअर हायेत थे."

या गाडीचे गिअर खाली नसतात, स्टिअरिंगच्या दांड्याला असतात. यांचं म्हणणं, लकव्यानंतर डोक्यात गिअर बसत नाहीत, विसरायला होतं. डॉक्टरांनी पाठ म्हणायला सांगितलं आहे. एकट्याने जमत नाही. "तू म्हणत जाजो, मी आयकतो. चुकलं त सांगतो."

म्हणजे शिकायचं यांना आणि पाठ मी करायचं! पण मास्तरणीचा जीव, विद्यार्थी समोर आला की राहवत नाही. क्लच दाबा, पहिला गिअर, क्लच हळू सोडा, दुसरा. मी पुढे, हे मागे. दुपारपर्यंत मी झोपेतही म्हणू शकले असते. यांचं मात्र तिसऱ्यावर सारखं चुकतं. मी चिडले की पुन्हा पहिल्यापासून. इतका ढ विद्यार्थी मला अख्ख्या नोकरीत मिळाला नाही. त्यात दाखवायला स्टिअरिंगवर बसून दांडा हलवावा लागतो तो वेगळाच.

बिचारे. मेंदूला लागलं की असंच होत असेल.

रविवार, ९ मार्च

इंजिन सुरू झालं! आधी खोकलं, मग काळा धूर, देवकाबाईंची वाळत घातलेली पांढरी चादर काळी, त्यांच्या शिव्या, आणि मग एकदम गुरगुर गुरगुर. हे बॉनेटला कान लावून उभे. गुलाबभाऊंनी मला मिठीच मारली असती, वेळेवर आठवलं वहिनी आहे.

किल्ली मीच फिरवली. यांना आवाज बाहेरून ऐकायचा होता म्हणून.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. गाडीला रंग. मला वाटलं पांढरा मारतील. यांनी वरून सायीसारखा आणि खालून आभाळी काढला, लग्नात होता तसाच. गुलाबभाऊंच्या मिशीलाही आभाळी लागला, तो उतरत नाही, त्यांची बायको मला फोनवर बोलली. बीपी लिहायला विसरले.

गुरुवार, २० मार्च

वर्ध्याला जाऊन आले. हे मागे लागले होते की माझ्या स्कूटीच्या लायसनचं नूतनीकरण करून टाक, पुण्याला गेल्यावर कोण धावपळ करेल. ते खरंच. ई-सेवा केंद्रातल्या काजलने फॉर्म भरला. ती माझी विद्यार्थिनी. फॉर्म भरताना सारखी ओठ दाबत होती. म्हटलं, "काय झालं गं हसायला?" "काही नाही बाई."

डॉक्टरकडून डोळे तपासले, फोटो काढला, आरटीओत कॉम्प्युटरवर परीक्षा घेतली. नूतनीकरणाला परीक्षा असते हे मला माहीत नव्हतं, पण हल्ली सगळं कडक झालं आहे. रस्त्याच्या खुणा विचारल्या. मला सगळं आलं. शेजारच्या पोट्ट्याला थांबा आणि वळू नका यातला फरक कळेना, मी त्याला खुणेने सांगत होते तर साहेब माझ्यावर ओरडले.

घरी येऊन निकाल सांगितला तर हे इतके खूश झाले की विचारता सोय नाही. स्कूटीच्या लायसनचं एवढं काय! पण खूश होतात तर होऊ दे.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड केलं, आणि दुपारी अंकितचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालं आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात बघायला येतो. "आई, चांगले लोक आहेत, तुळस ठेवतील म्हणाले."

फोन ठेवून मी मागच्या अंगणात गेले आणि तोंडात पदर कोंबून रडले. आज लिहून टाकते, कुणाजवळ बोलता येत नाही. मला जायचं नाही. मला इथेच राहायचं आहे. धाम नदीवर गेले की धुणं धुणाऱ्या पोरी "बाई" म्हणून हाक मारतात. तिथे पुण्यात अकराव्या मजल्यावर मला कोण हाक मारेल? दिपाली सून म्हणून चांगली आहे, जीव लावते, पण ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते. आम्ही दोघं दिवसभर खिडकीतून काय बघायचं? पण हे कोणत्या तोंडाने म्हणू? पुन्हा यांना काही झालं आणि मी पुन्हा रस्त्यावर हात करत उभी राहिले तर? तेव्हा अंकित काही बोलणार नाही, पण मी स्वतःला काय सांगू?

आणि एक राहिलं आहे. दवाखान्यात हे डोळे मिटून पडले होते, तेव्हा मी गिरडच्या फरीदबाबाला नवस बोलले होते. आमच्या गावी कोणत्याही घरचं माणूस असो, अडलं की टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाला बोलतं. मी म्हटलं होतं, "बाबा, याईले पायावर उभं कर. मी सोता घेऊन येईन तुह्या दारी. गोवऱ्यांवर रोडगे भाजीन." पुण्याला गेलो की तो नवस कधी फेडणार? अंकितच्या गाडीने जाऊन येऊ फार तर. कोणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही.

रविवार, ६ एप्रिल

गाडीचं पासिंग झालं. आता नवे ब्रेक "बसवायचे" आहेत. नवं चामडं चाकाला घासून घासून बसतं म्हणे. त्यासाठी गाडी हळूहळू फिरवावी लागते. गुलाबभाऊंना रविवारी काम, हे चालवू शकत नाहीत, मग कोण? मजूर आहेच.

गुलाबभाऊंनी सकाळी गाडी माझ्या जुन्या शाळेच्या मैदानात लावून दिली. मी पहिल्या गिअरमध्ये, गोगलगाईसारखी. हे बाजूने चालत, दारावर हात ठेवून, कान चाकाकडे. "दाब. सोड. वळव. आवाज येते का?"

आता यात माझी गंमत लिहिते. आवाज काही येत नव्हता. पण माझ्या लक्षात आलं, हे चालत आहेत! डॉक्टरांनी रोज चाला म्हटलं की दारापर्यंत जाऊन परत येतात, पाय दुखतो म्हणतात. आणि इथे दार धरून अख्ख्या मैदानाला वळसा घातला. मग मी म्हटलं, "हो, येते आवाज. बारीकसा. कर्र होते."

"अजून एक चक्कर मारू मंग."

मारली. पुन्हा म्हटलं, येते. पुन्हा मारली. घामाघूम झाले, पण डावा पाय उचलत होते, ओढत नव्हते. मी मनात म्हटलं, सरिते, तुझ्यासारखी लबाड तूच.

आता रोज आवाज येणार आहे.

रविवार, १३ एप्रिल

आवाज चालू आहे. हे आता दार सोडून चालतात, नुसते बाजूने. आज तर एका जागी कडुलिंबाखाली उभे राहिले आणि मला हातानेच सांगत होते. दोन पाण्याचे ड्रम ठेवले आणि म्हणाले, यांच्या मधून मागे घे. मी म्हटलं ब्रेकचा नि ड्रमचा काय संबंध? म्हणाले, "मागं जातानाचे ब्रेक वेगळे बसतात."

पहिल्यांदा एक ड्रम गेला. मग दुसरा गेला. मग दोन्ही राहिले. देवकाबाई शाळेच्या कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागल्या. या बाईला काही काम नाही.

अंगणातूनही गाडी आता रोज मीच काढते नि मीच लावते, कारण सडा टाकायला अडचण होते. यांना सांगत बसण्यापेक्षा ते बरं.

रविवार, २० एप्रिल

नागपूरहून एक माणूस आला होता, जुन्या गाड्यांचा शौकीन. गाडीभोवती फिरला, हात फिरवला, फोटो काढले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे गाडी विकायला तयार करत होते! पुण्याला जाण्याआधी. आणि मी वेडी, तिला जीव लावून बसले. काल तिच्या काचा मी वर्तमानपत्राने पुसल्या, घरच्या कधी पुसत नाही तशा.

दिवसभर बोलले नाही. संध्याकाळी भाजीत मीठ जास्त पडलं, मुद्दाम नाही, पण पडलं ते बरंच झालं.

"काऊन फुगली?" यांनी विचारलं. बोलणं आता पुष्कळ साफ झालं आहे, थकले की तेवढं अडखळतं.

"विकून टाका नं एकदाची. मले कायले विचारता!"

"विकाची नाई. तसंच सांगितलं त्याले."

"मंग इतकी कायले केली?"

म्हणाले, "कुरडया वाळवाले."

या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

रविवार, २७ एप्रिल

गाडीच्या टपावर धोतर अंथरून कुरडया घातल्या. एकाच दिवसात खडखडीत! पत्रा तापतो ना. तोंडावर म्हटलं नाही, पण जागा चांगली आहे.

गुरुवार, १ मे

अंकित नि दिपाली सकाळच्या गाडीने आले. अंकितने फाटकातच बॅग टाकली. बाबा दारापर्यंत स्वतः चालत आले होते, काठी न घेता. तो रडला. मग गाडी पाहून पुन्हा रडला. मग माझ्या कुरडया टपावर पाहून हसला.

संध्याकाळी विषय निघालाच. रविवारी गिऱ्हाईक येणार. अंकित फार हळू बोलत होता, जणू आम्ही दोघं काचेचे आहोत. "आई, तू काहीच बोलत नाहीस. तुला पटतंय ना?" मी म्हटलं, "तू म्हणशील तसं." दिपालीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काहीतरी कळलं असं मला वाटलं. माझ्या हातातलं ताट घेतलं तिने.

हे खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "उद्या गिरडले जाऊ. रोडगे करू. मंग तुले जे म्हणाचं थे म्हणजो."

गिरड? मी दचकले. यांना एकदम गिरड कसं आठवलं? माझं माहेर म्हणून असेल.

शुक्रवार, २ मे

बीपी उद्या लिहीन, आधी हे.

सकाळी रोडग्यांचं पीठ, वांगी, पातेली, गोवऱ्या, पितळी गुंडात पाणी, सगळं वॅगनच्या मागे भरलं. अंकितने हात पुढे केला, "बाबा, किल्ली." यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं घराची आहे, म्हणून मी कुलूप लावायला निघाले.

"घराची नाई," हे म्हणाले. "बसा बाई."

"कुठं?"

"रोज बसता तिथं."

"मी? मले कुठं येते गाडी!"

"अंगणातून रोज कोण काढते? शाळेत कोण फिरवते? दोन ड्रमाच्या मधून रिवस कोण घेते? मी?"

"थे तं ब्रेक बसवाले..."

"ब्रेक मार्चातच बसले."

मी उभीच. अंकित कधी माझ्याकडे पाहतो, कधी बाबांकडे. यांनी गाडीच्या कप्प्यातून लाल अक्षराची पट्टी काढली आणि पुढच्या काचेला चिकटवली. शिकाऊ ड्रायव्हरची.

"लायसन हाय तिचं. शिकाऊ. परीक्षा देऊन आली. पहिली आली असंन." मग अंकितला म्हणाले, "बाजूले पक्कं लायसनवाला पायजे. थो तू. बस."

तेव्हा सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं. पाट, उशी, रांगोळी, तिसऱ्या गिअरवर मुद्दाम चुकणं, काजलचं ओठ दाबणं, देवकाबाईंच्या टाळ्या. अख्ख्या गावाला माहीत होतं! मी इतकी भडकले, इतकी भडकले, आणि यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून रडले. मुलगा-सून समोर असताना. आयुष्यात पहिल्यांदा.

"अन् थो कर्र आवाज?" मी नाक पुसत विचारलं.

"थो तुलेच येत होता. मले नाई आला कधी." आणि अख्खं हसले, दोन्ही बाजूंनी.

अंकित म्हणाला, "पण बाबा, तुम्ही मधल्या सीटवर..."

"मधे दिपाली बसते. मी मागं. भांड्यांसोबत." डावा पाय उचलून, पातेली सरकवत, हा माणूस मागे जाऊन बसला आणि पितळी गुंड मांडीवर घेतला. "आज माही पाळी हाय."

फाटकातून काढली. तुळशीला लागली नाही. देवकाबाई ओरडल्या, "सावकाश व माय!" गाव संपेपर्यंत चालवली, मग मोठ्या रस्त्यावर अंकितला दिली. मी काही वेडी नाही, तिथे ट्रक असतात. समुद्रपूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला तशी परत घेतली. माझ्या माहेरच्या रस्त्याने, माझ्या हाताने. अंकित दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता. मग एका हाताने. मग कधीतरी त्याने हात काढले आणि खिडकीबाहेर पाहायला लागला.

टेकडीच्या पायथ्याशी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला. हे मागून उतरले, उतरायला मी हात दिला. वर पाहून मी हळूच पुटपुटले, "आणलं, बाबा."

"सोता आणीन म्हणली होती नं तू," हे माझ्या कानाशी म्हणाले. "नवस जसा बोलला तसाच फेडा लागते. अंकितच्या गाडीनं फिटला नसता."

माझ्या अंगावर काटा आला. "तुमाले कोणी सांगितलं?"

"तोंड बंद होतं माहं. कान नाई."

वर चढलो, माझा हात धरून चढले, मधे दोनदा बसले. चादर चढवली. खाली येऊन रोडगे भाजले. धुराने दिपालीचे डोळे लाल झाले, तरी चार रोडगे खाल्ले पोरीने. अंकित जेवून बाजूला जाऊन फोनवर बोलत होता. परत आला आणि माझ्याजवळ बसला. "रविवारी कोणी येणार नाही, आई. मी नाही म्हणून सांगितलं." मग म्हणाला, "पण दिवाळीला तुम्ही तिकडे यायचं. आणि रेल्वेने. ही गाडी घेऊन निघालीस तर बघ!"

मी त्याच्या पानात वांग्याची भाजी वाढली. त्याला पुरे होती, तरी वाढली.

परतताना पहिला टप्पा माझाच. हे पुन्हा मागे, रिकाम्या भांड्यांत, शर्टाला गोवऱ्यांची राख. प्रत्येक खड्ड्याला गुंड वाजायचा आणि मागून "अयायाय" ऐकू यायचं. लग्नाच्या दिवशी यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. मी आरशात सारखी पाहत होते. जेव्हा पाहावं तेव्हा हे माझ्याकडेच पाहत असायचे, आणि अंकित ओरडायचा, "आई, समोर बघ ना!"